‘पाय घसरला’ म्हणणारी बाई आणि समोरची सिस्टर : नर्सिंगच्या अभ्यासात हिंसेचा धडा का आहे?

बाजारचा दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्दी. त्या गर्दीत एक बाई येते. मनगटाच्या वर सूज, डोळ्याखाली काळंनिळं. सोबत नवरा. सिस्टर विचारते, ‘काय झालं ताई?’ बाई खाली बघते. उत्तर नवरा देतो, ‘गोठ्यात पाय घसरला.’ ड्रेसिंग होतं, गोळ्या मिळतात, दोघं गाडीवर बसून निघून जातात. रजिस्टरला नोंद पडते : पडल्यामुळे मार.

दोन महिन्यांनी तीच बाई परत येते. या वेळी ‘पोटात दुखतंय’ म्हणून. पुन्हा गोळ्या, पुन्हा घरी. तिसऱ्या वेळी ती येते ती १०८ मधून, कीटकनाशक पोटात गेलेलं असतं.

हे उदाहरण कुठल्या एका गावाचं नाही. पण वाचणाऱ्या बऱ्याच जणांना आपल्या भावकीतली, शेजारची कुणीतरी आठवली असेल. प्रश्न असा, की पहिल्याच वेळी सिस्टरला ओळखता आलं असतं का? आणि ओळखल्यावर तिने करायचं काय? हेच आता बीएस्सी नर्सिंगच्या मुलामुलींना वर्गात शिकवलं जातं. ते काय आहे आणि त्याचा गावाला काय उपयोग, ते समजून घेऊ.

पोलीस ठाण्याआधी दवाखाना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांना विचारलं गेलं. देशात साधारण १०० पैकी २९ जणींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. त्याहून वाईट आकडा पुढचा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्के बायकांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. लोक काय म्हणतील, माहेरच्यांना त्रास होईल, पोरांचं काय, ही भीती असते. पण दवाखान्यात ती येतेच. गरोदरपणाची तपासणी असते, बाळाचं लसीकरण असतं, जखमेची मलमपट्टी असते. घराबाहेरचं, ओळखीचं आणि तरी नात्यातलं नाही असं एकच माणूस तिला वरचेवर भेटतं, ते म्हणजे सिस्टर.

त्यात आता उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना सीएचओ म्हणतो, ते बसतात. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांनाही हे पद मिळतं. म्हणजे कॉलेजात आज जी मुलगी शिकतेय, तीच उद्या एखाद्या वाडीच्या उपकेंद्रात एकटी बसलेली असणार. तिला काय शिकवलं, यावर त्या गावातल्या बायकांचं बरंच काही अवलंबून आहे.

अभ्यासक्रमात काय आहे?

बीएस्सी नर्सिंग हा बारावी सायन्सनंतरचा चार वर्षांचा कोर्स. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये त्याचा सुधारित अभ्यासक्रम आणला. आता तो आठ सेमिस्टरचा आहे. पाचव्या सेमिस्टरला न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा स्वतंत्र विषय आहे. ‘न्यायवैद्यक’ शब्द जड वाटतो, पण अर्थ सोपा आहे. रुग्णाची सेवा करताना, पुढे कोर्टात न्याय मिळायला जे लागतं तेही जपायचं.

या विषयात हिंसा म्हणजे काय, स्त्रिया आणि मुलांवरचे लैंगिक अत्याचार, पीडित व्यक्तीची आणि तिच्या कुटुंबाची काळजी, पुरावा जपणं, आपली न्यायव्यवस्था आणि पोक्सो कायदा हे येतं. वर्गातले तास मात्र २० च. बाकी मानसिक आरोग्य, बाल आरोग्य, प्रसूती, सामुदायिक आरोग्य या विषयांतही हा मुद्दा तुकड्या-तुकड्याने येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१९ मध्ये त्यावर शिकवण्याचा पाठ्यक्रमही तयार केला. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या लैंगिक हिंसेबाबतच्या सूचना २०१४ च्या. मुंबईत तर त्याआधीच, २००० च्या सुमारास, वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभं राहिलं. महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ते सुरू केलं. दवाखान्यातच मार खाल्लेल्या बाईशी बोलायला माणूस असावा, ही त्यामागची कल्पना. तिथे रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना, त्यात नर्सही आल्या, प्रशिक्षण दिलं गेलं.

पहिला धडा : ओळखायचं कसं?

बाई स्वतःहून ‘मला मारलं’ असं क्वचितच म्हणते. म्हणून खुणा शिकाव्या लागतात.

सांगितलेलं कारण आणि जखम यांचा मेळ बसत नाही. पाय घसरून पडणारा माणूस हात टेकतो, त्याच्या तळव्याला, गुडघ्याला खरचटतं. वार अडवायला हात वर केला तर मार हाताच्या बाहेरच्या बाजूला लागतो. काही वळ ताजे, काही पिवळे पडलेले असतील, तर मार एकाच दिवसाचा नाही. जखम चार दिवसांची आणि दवाखान्यात आज आणलंय, हीसुद्धा खूण. सोबतचा माणूस एकही प्रश्न बाईला उत्तरू देत नाही, बाजूला व्हायला तयार नाही, ही आणखी एक.

काही खुणा अंगावर दिसतच नाहीत. वरचेवर डोकं दुखणं, झोप न लागणं, ओटीपोटात दुखणं, तपासण्या मात्र नॉर्मल. गरोदरपणात पोटाला मार. विष घेणं, जाळून घेणं. यातली एक खूण दिसली म्हणजे हिंसा झालीच असं नाही. पण विचारायला हवं, एवढं नक्की.

दुसरा धडा : विचारायचं कसं?

इथे पहिला नियम एकच. सोबतच्या माणसांसमोर विचारायचं नाही. ना नवऱ्यासमोर, ना सासूसमोर. आईसमोरसुद्धा नाही. ‘वजन करायचंय, लघवी तपासायचीय, तुम्ही बाहेर थांबा’ असं म्हणून बाईला बाजूला घ्यायचं. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही, दार लागणारी एक खोली लागते.

आणि शब्द कोणते? ‘नवरा मारतो का गं?’ असं थेट तोंडावर फेकलं की बाई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. शिकवलं जातं ते असं : ‘ताई, अशा जखमा कधीकधी घरात कुणी हात उचलल्याने होतात. तुमच्या बाबतीत तसं काही होतंय का? इथलं बोलणं मी गावात करणार नाही.’ ती नाही म्हणाली तर खोदून काढायचं नाही. ‘कधी वाटलं तर या, मी आहे’ एवढं म्हणून दार उघडं ठेवायचं. पुष्कळदा बाई दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बोलते.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी पाच पायऱ्या सांगितल्यात. मन लावून ऐकणं. तिला आत्ता काय हवंय ते विचारणं. तिच्यावर विश्वास आहे, दोष तिचा नाही, हे सांगणं. आज घरी गेली तर जिवाला धोका आहे का, ते तिच्यासोबत बघणं. आणि पुढच्या मदतीशी जोडून देणं.

यात नसलेली गोष्टही महत्त्वाची. ‘तू काय बोललीस म्हणून त्यानं मारलं?’, ‘संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच’, ‘सोडून का देत नाहीस?’ ही वाक्यं आपण घरी सहज बोलतो. सिस्टरने ती बोलली, की त्या बाईचा शेवटचा दरवाजाही बंद होतो. म्हणून वर्गात एकीने बाई व्हायचं, दुसरीने सिस्टर, असा सराव करून घेणं गरजेचं असतं. पुस्तक पाठ करून ही भाषा जिभेवर येत नाही.

तिसरा धडा : नोंद

केसपेपरवरच्या एका ओळीवर पुढे कोर्टातली केस उभी राहते किंवा पडते. ‘पडल्यामुळे मार’ असं लिहिलं की विषय संपला. त्याऐवजी तिच्या शब्दांत लिहायचं : ‘रुग्ण सांगते, काल रात्री जेवणाच्या वेळी नवऱ्याने काठीने मारले.’ जखम कुठे, किती लांब, रंग कसा, हेही मोजून लिहायचं. स्वतःचं मत नको, ‘बाई रडत नव्हती’ असे शेरे तर नकोतच. कुणी रडतं, कुणी दगडासारखं बसतं. त्यावरून खरं-खोटं ठरत नाही.

लैंगिक अत्याचार असेल तर सूचना आणखी काटेकोर आहेत. तपासणी डॉक्टर करतात, पण सोबत थांबणं, समजावणं, पुरावा नीट बंद करणं यात नर्सचा हात असतो. तपासणीआधी बाईची संमती लागते. ती काही भागाला ‘नको’ म्हणू शकते, तरी उपचार थांबवता येत नाहीत. कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कारण ओल धरून पुरावा खराब होतो. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली.

‘टू-फिंगर टेस्ट’ नावाची जुनी तपासणी आता करायची नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तिला चूक ठरवलं. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तर ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं सांगितलं आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती काढायला सांगितली. जुनी पुस्तकं वाचून शिकलेल्यांनी हे नव्याने शिकणं म्हणूनच गरजेचं.

कायदा दवाखान्याला काय सांगतो?

हा भाग गावातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

बलात्कार, ॲसिड हल्ला किंवा मुलांवरचा लैंगिक अत्याचार असेल तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याने पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ हे सांगतं. पोलिसांना कळवणं दवाखान्याचं काम आहे. ‘आधी एफआयआर आणा, मग बघू’ असं म्हणता येत नाही. उपचार नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० प्रमाणे दवाखान्याच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरातल्या हिंसेसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्याच्या नियमांनुसार बाईकडे कसलाही कागद नसला तरी उपचार नाकारायचे नाहीत. घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल तर दवाखान्यानेच ठरलेला फॉर्म भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची. हा नियम किती बायकांना माहीत आहे?

१८ वर्षांखालील मुलीची गोष्ट वेगळी. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोक्सोनुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. इथे गावातली मोठी अडचण येते. कमी वयात लग्न झालेली, दिवस गेलेली मुलगी दवाखान्यात येते. कळवलं तर नवरा आत जाईल म्हणून घरचे तिला दवाखान्यातच आणत नाहीत, घरीच बाळंतपण करायला बघतात. यात जीव जाण्याचा धोका मुलीचाच. म्हणून विद्यार्थिनींना दोन्ही गोष्टी एकत्र शिकाव्या लागतात. कायदा पाळायचा, आणि मुलीला उपचारापासून तोडायचं नाही. गर्भपाताबाबत सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये एक वाट दिली आहे. अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचं नाव सांगण्याची गरज नाही.

सिस्टरवर हात उचलला तर?

हिंसेचा धडा फक्त रुग्णापुरता नाही. वॉर्डात शिव्या, धक्काबुक्की, रात्रपाळीत छेडछाड हे नर्सच्या वाट्यालाही येतं, शिकणाऱ्या मुलींच्या तर जास्तच, कारण त्यांना कुणाला सांगायचं तेच माहीत नसतं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्यांचं निधन होईपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, केईएमच्या नर्सनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात शिकाऊ महिला डॉक्टरवर बलात्कार करून खून झाला, तेव्हा देशभर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि सुप्रीम कोर्टाने सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं.

महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, नर्स, नर्सिंगचे विद्यार्थी यांच्यावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा अजामीनपात्र आहे. दवाखान्याची तोडफोड केली तर सामानाच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते. हॉस्टेलमधल्या रॅगिंगविरुद्ध राज्यात १९९९ पासून कायदा आहे. आपल्या मुलीला नर्सिंगला घालणाऱ्या आईबापांनी फीबरोबर एवढंही विचारावं : कॉलेजात समिती आहे का? तिच्यात कोण आहे?

अडतं कुठे?

कागदावर विषय आला म्हणून काम झालं असं नाही. २० तासांत कायदेही, पुरावाही, माणसाशी बोलणंही बसवायचं. परीक्षेत ‘हिंसेचे प्रकार लिहा’ असा प्रश्न आला की मुलं प्रकार पाठ करतात. गप्प बसलेल्या बाईशी बोलायचं कसं, ते लेखी पेपरात कसं तपासणार? त्यासाठी वॉर्डात, वन स्टॉप सेंटरमध्ये, अनुभवी सिस्टरच्या शेजारी बसून शिकावं लागतं.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. वर्गात बसलेल्या मुलींपैकी काहींनी हे घरीच पाहिलेलं असतं, आईला मार खाताना बघितलेलं असतं. धडा सुरू झाला की त्यांचं जुनं दुखणं वर येतं. शिकवणाऱ्या मॅडमनी आधी सांगावं, कुणाला त्रास झाला तर बाहेर जायला हरकत नाही, आणि नंतर बोलायला माणूस असावा.

तिसरी अडचण गावाची. उपकेंद्रातली सिस्टर गावातच राहते. नवरा सरपंचाच्या भावकीतला असतो. बातमी फुटली तर बाईला दुप्पट मार आणि सिस्टरला धमकी. म्हणून गुप्तता हा या धड्याचा कणा आहे. कोण आलं, काय बोललं, हे चहाच्या टपरीवर तर नाहीच, सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही.

गावाने काय करावं?

सिस्टरने बाहेर थांबायला सांगितलं तर वाद न घालता थांबावं. सरपंच आणि सदस्यांनी उपकेंद्रात दार लागणारी एक खोली, निदान एक पडदा, आहे का ते बघावं. आशाताईंकडे तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर असावा. अत्याचार झालेल्या बाईला ‘आधी अंघोळ कर’ म्हणू नये, कपडे धुऊ नयेत. अंघोळ झाली असली, दोन दिवस उलटले असले, तरी दवाखान्यात न्यावंच. उपचारांसाठी उशीर झाला असं कधीच नसतं.

हे नंबर सेव्ह करा

- ११२ : तातडीची मदत, पोलीस
- १८१ : महिला हेल्पलाइन
- १०९८ : मुलांसाठी हेल्पलाइन
- १०८ : रुग्णवाहिका
- १४४१६ : टेली मानस, मनावरच्या ताणासाठी मोफत सल्ला
- १५१०० : मोफत कायदेशीर मदत
- १४५६७ : ज्येष्ठ नागरिकांसाठी
- जिल्ह्याचं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर : इथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत एकाच जागी मिळते

मार खाणाऱ्या बाईच्या फोनमध्ये हे नंबर दुसऱ्या नावाने सेव्ह करून द्यावेत. घरातलं कुणी फोन तपासत असेल तर ‘महिला हेल्पलाइन’ हे नाव बघूनच तिला आणखी मार बसू शकतो. नर्सिंगच्या मुलींना शिकवण्याच्या सुरक्षिततेच्या धड्यात अशा बारीक गोष्टीही येतात, आणि आपल्यापैकी कुणालाही त्या आजपासून करता येतील.